एसीएलनंतर साडेसहा महिने, गुडघा दुखत नाही: मॅचला उतरवावे का?

प्रश्न थोडक्यात असा. डिचोलीचा १९ वर्षांचा मिडफिल्डर, वजन ६५ किलो. फेब्रुवारीच्या मध्याला उजव्या गुडघ्याच्या एसीएलची, म्हणजे गुडघा सांभाळणाऱ्या आतल्या बंधाची, शस्त्रक्रिया झाली. ग्राफ्ट, म्हणजे तुटलेल्या बंधाच्या जागी बसवलेला तुकडा, हॅमस्ट्रिंगचा (मांडीमागच्या स्नायूचा); मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली गादी, शाबूत. साडेतीन महिन्यांनी फिजिओथेरपी थांबली, तेव्हापासून घरी टॉवेल दाबणे आणि रबर बँड. आता सरळ जॉगिंग करतो, दुखत नाही, पण संध्याकाळी गुडघा ‘भरल्यासारखा’ वाटतो. क्लब म्हणतो, चवथ (गणेशचतुर्थी) झाली की सरावाला ये, दोन-तीन आठवड्यांत मॅचला घेतो. थोरला भाऊ विचारतो, उतरवावे का?

नको. सरावाला जाऊ दे, पण वेगळ्या कामासाठी. ते खाली येतेच. मॅचचा विचार नोव्हेंबरच्या मध्याआधी करूच नये आणि तेव्हाही तारीख बघून नव्हे, आकडे बघून.

आपल्याकडे एसीएलच्या पोरांचे घोडे बहुधा एकाच ठिकाणी अडते. शस्त्रक्रिया नीट होते, पहिले तीन महिने कोणीतरी लक्ष देते, मुलगा लंगडायचा थांबतो आणि सगळ्यांना वाटते की काम झाले. चौथ्या महिन्यापासून नवव्यापर्यंतचा काळ रिकामा जातो. त्या वेळेपर्यंत गुडघा चालण्यासाठी तयार झालेला असतो, फुटबॉलसाठी नाही. तुमच्या भावाचे नेमके हेच झाले आहे. बरी गोष्ट एवढीच की अजून वेळ गेलेली नाही.

न दुखणे हा निकष का नाही

ग्राफ्ट म्हणजे मुळात टेंडन, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. गुडघ्यात बसवल्यावर त्यातल्या जुन्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या शिरतात, तंतू नव्याने रचले जातात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तो सर्वांत कच्चा असतो आणि दुखणे कमी होते तेही त्याच सुमारास. रचना पक्की व्हायला वर्ष लागते, कधी त्याहून जास्त. म्हणजे वेदना आणि ग्राफ्टची ताकद यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

नॉर्वे आणि अमेरिकेतील डेलावेअर इथल्या गटांनी २०१६ मध्ये एक एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके पुढे गेले, तितकी दर महिन्यामागे गुडघ्याच्या नव्या दुखापतीचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी घटत गेले. ताकदीच्या आणि उड्यांच्या चाचण्या पास होऊन परतलेल्यांत पुन्हा दुखापत ५.६ टक्के, पास न होता परतलेल्यांत ३८.२ टक्के. त्या अभ्यासात रुग्ण थोडे होते, म्हणून आकडे दशांशासकट पाठ करू नका. दिशा मात्र नंतरच्या कामांतही तीच दिसली. पंचविशीच्या आतले जे खेळाडू खेळात परततात, त्यांच्यापैकी साधारण चारातल्या एकाची एसीएल पुन्हा तुटते, याच पायाची किंवा दुसऱ्या. तुमचा भाऊ १९ वर्षांचा आहे. तो याच गटात येतो.

आधी सूज बघा

‘भरल्यासारखा वाटतो’ हा तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे. गुडघ्यात पाणी असेल तर मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, पूर्ण जोर लावूच देत नाही. तो स्नायू कितीही व्यायाम केला तरी भरत नाही. म्हणून सूज तपासायला शिका. ना मशीन लागते, ना पैसे.

त्याला पलंगावर उताणे झोपवा, पाय सरळ आणि पूर्ण सैल. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, वाटीच्या खालून सुरू करून तळहाताने वर मांडीकडे दोन-तीन वेळा पाणी ढकलल्यासारखे घासा. आतला खळगा रिकामा दिसेल. आता बाहेरच्या बाजूने, वाटीच्या वरून खाली एकदाच हात फिरवा आणि नजर आतल्या खळग्यावर ठेवा. काहीच हलले नाही तर सूज नाही. बारीक लाट आली तर ‘अंश’, म्हणजे किंचित सूज. खळगा ठळक फुगला तर एक. बाहेरून हात न फिरवताच आपोआप भरला तर दोन. इतके पाणी की आतून हलतच नाही, तर तीन.

हे दिवसातून दोनदा करा, सकाळी उठल्यावर आणि व्यायामानंतर रात्री, आणि वहीत लिहा. अंशापर्यंत चालेल. एक आली तर त्या आठवड्यात काहीही वाढवायचे नाही. दोन आली तर धावणे आणि उड्या बंद. सूज अंशावर येईपर्यंत सायकल आणि जिम. पणजीच्या आसपास येणे-जाणे असेल तर कांपालच्या तलावात पोहता येईल, फक्त ब्रेस्टस्ट्रोकची लाथ नको, ती गुडघ्याला पीळ देते. संध्याकाळची सूज रात्रभरात उतरते की सकाळीही राहते, हे विशेष पाहा. सकाळी राहत असेल तर आदल्या दिवशीचे काम जास्त झाले, एवढाच त्याचा अर्थ. बर्फ लावून उतरवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच धावला, असे करू नये. बर्फाने खूण पुसली जाते, कारण जात नाही.

त्याच वहीत दुसरी नोंद: पाय पूर्ण सरळ होतो का. पालथे झोपवा, मांड्या पलंगावर, गुडघ्याखालचा भाग काठाबाहेर लोंबता. दोन्ही टाचांच्या उंचीतला फरक पट्टीने मोजा. एक सेंटिमीटर म्हणजे ढोबळमानाने एका अंशाचा कोन. फरक तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, शेवटी काहीतरी अडते आणि पुढे दुखते असे तो म्हणत असेल, तर व्यायाम वाढवू नका, सर्जनना दाखवा. कधी कधी ग्राफ्टच्या पुढे तंतूंची गाठ तयार होते, तिला सायक्लॉप्स म्हणतात. ती ताणून जात नाही.

मांडीची ताकद मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका

टेपने मांडीचा घेर मोजणे म्हणजे ताकद मोजणे नव्हे. स्क्वॉट बघूनही कळत नाही. दोन पायांच्या स्क्वॉटमध्ये शरीर चलाखी करते: वजन हळूच डाव्या पायावर जाते किंवा धड पुढे झुकून काम कमरेच्या स्नायूंवर ढकलले जाते. बघणाऱ्याला स्क्वॉट झकास दिसतो, उजवा क्वाड्रिसेप्स मात्र सुट्टीवर असतो. म्हणून त्याला एकट्याला पकडून मोजायचे.

म्हापसा, फोंडा, डिचोली, कुठल्याही बऱ्या जिममध्ये लेग एक्स्टेंशनचे मशीन असते. या ग्राफ्टला साडेसहा महिन्यांवर पूर्ण टप्प्यात वजन उचलायला सहसा हरकत नसते, तरी सर्जनना एकदा विचारून घ्या. दहा मिनिटे सायकल. मग डाव्या, म्हणजे चांगल्या पायाने असे वजन शोधा की दहा वेळा नीट उचलता येते, अकरावे जमत नाही. पाच मिनिटे थांबून उजव्याने तेच. समजा डावा ४० किलो आणि उजवा २८, तर उजवा ७० टक्क्यांवर आहे. नुसत्या टॉवेल-बँडवर तीन महिने काढलेल्या मुलाचा आकडा ६० ते ७० च्या दरम्यान निघाला तर नवल नाही.

यात एक फसगत आहे. सहा महिन्यांत चांगला पायही ढिला पडतो, त्यामुळे टक्केवारी उगाच गोड दिसते. म्हणून शरीराच्या वजनाशीही तुलना करावी. पुरुष फुटबॉलपटूसाठी साधारण ३ न्यूटन-मीटर (गुडघा फिरवणाऱ्या जोराचे माप) प्रति किलो हे लक्ष्य धरतात, म्हणजे ६५ किलोच्या मुलाला १९५ न्यूटन-मीटर. हा जोर मोजणारे आयसोकायनेटिक मशीन प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, पण टांगायचा डिजिटल वजनकाटा आणि साखळी असली तरी काम भागते. मुलाला उंच, पक्क्या बाकावर बसवा, गुडघा ९० अंशात, मांडी पट्ट्याने बांधलेली. घोट्याच्या वर जाड पट्टा, तो काट्यामार्फत मागच्या खांबाला, साखळी जमिनीला समांतर. त्याने पाय पुढे ढकलायचा, पाच सेकंद पूर्ण जोर. गुडघ्याच्या सांध्यापासून पट्ट्यापर्यंतचे अंतर ३५ सेंटिमीटर असेल तर काट्यावर ५७ किलोच्या आसपास दिसायला हवे. तीन प्रयत्न, मध्ये एकेक मिनिट, सर्वांत चांगला धरा. साखळी तिरकी झाली, बाक हलला किंवा ढुंगण उचलले गेले की आकडा निकामी.

ढोबळ पायऱ्या अशा. ७० टक्के आणि सूज अंशापर्यंत: सरळ धावणे. ८०: उड्या आणि ठरवून दिशा बदलणे. ९०, दोन्ही पायांच्या तुलनेत आणि वजनाच्या हिशेबातही: संघाबरोबर पूर्ण सराव. तो ७० च्या खाली निघाला तर आताचे जॉगिंगही महिनाभर थांबवा. त्याला वाईट वाटेल. संध्याकाळी गुडघा का भरतो, याचे उत्तरही बहुधा तिथेच सापडेल: धक्का झेलायला स्नायू नाही, म्हणून तो सांध्यावर जातो.

ताकद कशी आणायची

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस रिकामा. लेग एक्स्टेंशन एका पायाने: ४ सेट, ६ ते ८ वेळा, वजन इतके की शेवटी आणखी दोनच निघाली असती. वर दोन सेकंद, खाली तीन. एका पायाचा लेग प्रेस ४ सेट, ८ वेळा. मागचा पाय बाकावर ठेवून स्प्लिट स्क्वॉट ३ सेट, ८ वेळा, हातात डंबेल. गुडघा वाकवून बसल्या-बसल्या टाचा उचलणे ३ सेट, १२ ते १५, मांडीवर वजन. पिंडरीचा हा खालचा स्नायू धावताना सर्वांत जास्त राबतो आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. उजव्या पायाचा एक सेट जास्त. व्यायामाच्या लागोपाठ दोन दिवशी शेवटच्या सेटमध्ये दोन जास्त निघाले की अडीच किलो वाढवा.

हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट घेतला आहे, म्हणजे मागून एक-दोन टेंडन काढून नेले आहेत, हे विसरू नका. गुडघा खूप वाकवलेला असताना तिथे अशक्तपणा वर्ष-दीड वर्षही राहू शकतो. पालथे झोपून लेग कर्लचे मशीन, टाचेखाली फडके घेऊन गुळगुळीत लादीवर पाय सरकवणे आणि डंबेल घेऊन रोमानियन डेडलिफ्ट यांनी सुरू करा; नॉर्डिक (गुडघ्यांवर उभे राहून, घोटे कोणीतरी धरलेले असताना धड सावकाश पुढे सोडणे) एका महिन्यानंतर, आठवड्यातून दोनदा, ३ सेट, ५ वेळा. मागे अचानक ‘टक्’ झाले तर आठवडाभर थांबा आणि दाखवून घ्या.

वेदनेचा नियम: दहापैकी तीनपर्यंत चालते, चोवीस तासांत उतरली पाहिजे. वाटीच्या खाली दुखायला लागले तर लेग एक्स्टेंशन बंद करू नका, ९० ते ४५ अंशांतच करा आणि वजन थोडे कमी करा.

खाण्याबद्दल एवढेच: रोज वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम तरी प्रथिने, म्हणजे १०५ ग्रॅमच्या आसपास. शंभर ग्रॅम मासळीत सुमारे २० ग्रॅम येतात. हुमण-शीत (मासळीची आमटी आणि भात) आहे म्हणजे प्रथिने झाली असे नाही, ताटात तुकडे किती पडले ते बघा.

उड्या

८० टक्के झाल्यावर एका पायावरची लांब उडी, तिहेरी उडी, रेषा ओलांडत तिहेरी उडी आणि सहा मीटर एका पायावर उड्या मारत वेळ लावून, अशा चारही चाचण्या घ्या. प्रत्येकीत चांगल्या पायाच्या ९० टक्के हवेत. पण नुसते अंतर बघून खूश होऊ नका. आडव्या उडीत घोटा आणि कंबर मिळून गुडघ्याचे काम झाकतात. एका पायावर सरळ वर मारलेली उडी जास्त खरे बोलते. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये समोरून आणि बाजूने घ्या: उतरताना गुडघा आत पडतो का, धड एका बाजूला कलते का, गुडघा न वाकवता काठीसारखा उतरतो का. शेवटचा दोष सर्वांत जास्त दिसतो आणि सर्वांत कमी लोक तो पकडतात.

मैदानावर

क्लबच्या सरावाला त्याला पाठवायचे ते यासाठी. आकडे जमतील तसे, साधारण दहा आठवड्यांत, प्रत्येक पायरी निदान चार वेळा सूज न वाढता करून मगच पुढची. आधी एक मिनिट धावणे, एक मिनिट चालणे असे दहा फेरे, एक दिवसाआड. पुढे सलग वीस मिनिटे. मग ६० मीटरचे वेगाचे टप्पे, पूर्ण वेगाच्या ६० टक्क्यांपासून ९० पर्यंत. वेग वाढवण्यापेक्षा थांबणे अवघड असते: २० मीटर धावून सहा पावलांत थांब, मग चारात, मग तिनात. त्यानंतर ठरवलेल्या जागी ४५ अंशांत वळणे, मग ९०, मग मागे फिरणे. त्यानंतर न ठरवता: कोच हात दाखवेल तिकडे. चेंडू पहिल्या दिवसापासून पायात असू दे, पण आधी एकट्याचा.

एक गोष्ट जवळजवळ नेहमी राहून जाते. फुटबॉलमध्ये एसीएल बहुतेक वेळा कोणी गुडघ्यावर आदळल्यामुळे तुटत नाही. चेंडू समोरच्याकडे असतो, आपला खेळाडू प्रेस करायला सुसाट जातो, समोरचा हूल देतो, हा एका पायावर ब्रेक मारून वळतो आणि कट्. म्हणजे धोका बचावात जास्त. सराव मात्र सगळा ड्रिब्लिंग आणि शूटिंगचा होतो. म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत एकास एक प्रेसिंग हवे: दहा मीटरवरून अर्ध्या वेगाने, मग पूर्ण, हूल कुठली हे आधी सांगून, मग न सांगता. पावले छोटी, ढुंगण खाली, शेवटचा ब्रेक दोन-तीन पावलांत वाटलेला.

जमिनीचा क्रम आपल्याकडे फार महत्त्वाचा. धावण्याची सुरुवात सपाट, कोरड्या जागी. बांबोळीच्या ॲथलेटिक स्टेडियमसारखा ट्रॅक मिळाला तर उत्तम. पावसात चिखल झालेल्या मैदानावर पाय सरकतो आणि अचानक अडकतो, हे दोन्ही वाईट. किनाऱ्यावर पळवायचे तर ओहोटीच्या वेळी, ओल्या घट्ट वाळूवर, आणि जिथे समुद्राकडे उतार कमी तिथेच. उतारावर एक पाय सतत खाली पडतो. जितके जायचे तितकेच उलट यायचे. भुसभुशीत वाळूत ‘स्टॅमिना’साठी पळवणे हा आपला लाडका प्रकार, तो या वर्षी नको. म्हापशाच्या धुळेरसारख्या कृत्रिम टर्फवर बूट जास्त पकड धरतो, म्हणून तिथे लांब स्टड नकोत, टर्फचे किंवा आखूड गोल स्टडचे बूट घाला. आणि कापणी झालेले शेत सर्वांत शेवटी: वरून सपाट दिसते, खाली भेगा आणि धसकटे असतात, कडेला बांध. तिथे या मोसमात उतरूच नये असे माझे मत आहे. क्लबचा कोच ऐकेलही. खरा धोका वाड्यावरच्या नॉकआउटचा असतो. दोन खेळाडू कमी पडतात, कोणीतरी बाइक घेऊन दारात येतो आणि ‘फक्त पंधरा मिनिटे उभा राहा’ म्हणतो. उभा कोणीच राहत नाही.

पूर्ण सराव निदान चार आठवडे झाल्याशिवाय मॅच नाही. पहिली मॅच शेवटची पंधरा-वीस मिनिटे, मग तीस, पंचेचाळीस, साठ. मध्ये निदान तीन दिवस. प्रत्येक मॅचनंतर दुसऱ्या सकाळी ती सुजेची चाचणी. ११+ हा फिफाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप संपूर्ण संघाने करावा. तो फुकट आहे, आणि दुसऱ्या गुडघ्यालाही त्याची गरज आहे.

त्याला भीती वाटते का, हेही विचारा. यासाठी एसीएल-आरएसआय नावाची बारा प्रश्नांची प्रश्नावली असते. ताकद पूर्ण, पण टॅकलला जाताना मनात चर्र होते, असा मुलगा अर्धवट जातो आणि अर्धवट गेलेलाच अडकतो. अशा वेळी प्रेसिंगच्या पायऱ्यांवर आणखी दोन आठवडे घालवा.

नी-कॅपने ऊब आणि धीर मिळतो, ग्राफ्ट वाचत नाही. मॅचआधी वेदनाशामक गोळी नको. सूज उतरवायला स्टेरॉइडचे इंजेक्शन कोणी सुचवले तर आधी सर्जनशी बोला: कारण न शोधता सूज दाबली जाते, शिवाय १ जानेवारी २०२२ पासून कॉर्टिकोस्टेरॉइडची कुठलीही इंजेक्शने स्पर्धेच्या काळात डोपिंगच्या नियमांत निषिद्ध आहेत. ‘तयार आहे का’ हे ठरवायला एमआरआय पुन्हा काढू नका. ग्राफ्ट जागेवर आहे इतके तो सांगेल, खेळ झेलेल की नाही ते सांगणार नाही.

लगेच सर्जनकडे न्यायचे ते या गोष्टींसाठी: गुडघा ‘सुटला’ असे वाटले, मध्येच अडकून सरळ होईना, पीळ बसून दोन-तीन तासांत टम्म फुगला, किंवा गुडघा गरम होऊन ताप आला. पिंडरी एकाएकी सुजून दुखू लागली तर थेट तातडीच्या विभागात.

तूर्त या आठवड्यात इतकेच करा. चवथीच्या आरत्यांना त्याला खुर्ची द्या, तासन्‌तास मांडी घालून बसून अचानक पीळ देत उठणे नको. बाइकची किक उजव्या पायाने मारायची नाही. सात दिवस सकाळ-रात्र सुजेची नोंद, एकदा टाचांचा फरक, एकदा लेग एक्स्टेंशनचे दोन आकडे. तो कागद क्लबच्या कोचला आणि सर्जनना दाखवा, म्हणजे ‘बरा दिसतो’ या शब्दावर बोलणी होणार नाहीत. पुढची मोजणी सहा आठवड्यांनी, त्याच मशीनवर, बसण्याची जागा त्याच खाचेत ठेवून.